ब्रेमेनची चावी कोलाब्याच्या किनाऱ्यावर

अलिबागेकडचा कोलाबा जिल्हा मुंबईच्या इतका जवळ आहे, की म्हणूनच बहुधा मुंबईचं कुणी मुद्दाम तिकडे जात नाही. मीही गेलो नसतो. मी मूळचा साताऱ्याकडचा, गिरगावात छापखान्यांसाठी ठसे कोरण्याचा माझा धंदा. पाणी म्हटलं की मला विहीर कळते. ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही ते पाणी माझ्या कामाचं नाही. पण सन एकोणतीसच्या थंडीत मार्थाबाई आल्या आणि माझा नाइलाज झाला. त्या बाईंपुढे भल्याभल्यांचा होतो.

मार्थाबाई कोण, ते आधी सांगतो. लढाई संपल्यानंतर मी ठशांचं काम शिकायला जर्मनीत ब्रेमेन शहरी दोन वर्षं होतो. तेव्हा तिकडच्या पैशाची पार माती झाली होती, त्यामुळे माझ्यासारख्यालाही विलायत परवडली. मार्थाबाई आणि त्यांची आई यांच्या घरी मी वरच्या मजल्यावर बिऱ्हाडकरू होतो. जिन्यात एका पोराचा फोटो होता. काटकुळा, कान पुढे आलेले, अंगात खलाशाचा सदरा. तो धाकटा भाऊ कार्ल. लढाईच्या आधीच्या एका पावसाळ्यात तो मुंबईजवळ बोटीवरून समुद्रात पडला, तो सापडलाच नाही. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आई रोज रात्री दाराला कडी घालण्याआधी दार उघडून रस्त्याकडे बघायची. मी असेपर्यंत तिनं हा नेम कधी चुकवला नाही.

आता इतक्या वर्षांनी एका म्हाताऱ्या कप्तानानं मार्थाबाईंना सांगितलं होतं, की मुंबईच्या दक्षिणेला किनाऱ्यावर कुठंतरी एक कबर आहे आणि तिच्या दगडावर किल्ली कोरलेली आहे. त्यानंही ते मुंबईच्या कुणा खलाशाकडून ऐकलेलं. गावाचं नाव माहीत नाही, माणूस माहीत नाही. एवढ्यावर ही बाई शाळेतून रजा काढून, सरकारी परवानगीचे कागद आणि एक पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"आई म्हणाली, त्याला घेऊन ये," मार्थाबाई म्हणाल्या. "आणि मी त्याला घेऊन जाणार आहे, हेर पवार." हेर म्हणजे त्यांच्याकडचं श्रीयुत.

किल्लीचं एवढं काय, असं वाचकांना वाटेल. ब्रेमेन शहराचं राजचिन्हच किल्ली आहे. लाल ढाल, तिच्यावर रुपेरी किल्ली, तिरकी, दाते वरच्या अंगाला. तिथं नगरभवनावर किल्ली, कागदावरच्या शिक्क्यात किल्ली, निशाणावर किल्ली. पहिल्या महिन्यात मला वाटलं होतं की हे गाव कुलूपवाल्यांचं आहे. तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावर एकाकी किल्ली कोरलेली असेल, तर ती ब्रेमेनच्याच माणसाची, हा बाईंचा हिशेब मलाही पटला.

मांडवा

भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या आगबोटीत मी डोळे मिटून बसलो होतो, म्हणून त्या प्रवासाचं वर्णन मला करता येत नाही. मांडव्याला ओहोटी लागलेली. आगबोटीतून होडीत, आणि होडीतून पुढे गुडघाभर चिखल. तिथं उतारूंना खांद्यावर बसवून काठावर नेणारे हमाल असतात. दोघेजण मार्थाबाईंकडे आले. बाईंनी त्यांना पेटी दिली, बूट काढून गळ्यात अडकवले, झगा वर खोचला आणि सरळ चिखलात उतरल्या. मी मात्र मराठमोळ्या रुबाबात हमालाच्या खांद्यावर बसलो. काठ दहा हातांवर आला असताना त्याचा पाय घसरला आणि मी पागोट्यासकट आडवा झालो.

"सायेब, मडमेला नमस्कार करा," हमाल मला उठवत म्हणाला. "तिनं पायानं रस्ता केला, तुमी पाठीनं केलाव."

धोतर वाळेपर्यंत मी एका केवड्याच्या बनामागं बसून होतो. बाई तेवढ्या वेळात हमालांना हातवारे करून किल्लीबद्दल विचारत होत्या. कुणी कुलूप दाखवी, कुणी पेटी. शेवटी मी ओलाच उठलो आणि दुभाष्याचं काम सुरू केलं.

थळ

बैलांच्या दमणीनं थळला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, आणि वास असा, की साताऱ्याचा माणूस उलट पावली घाट चढेल. पण खरं सांगतो, तासाभरात नाकाला सवय झाली आणि संध्याकाळी तोच वास भूक लावू लागला.

आमच्याकडे गावात परका आला तर पारावरचे बाप्ये त्याची चौकशी करतात, बायका दाराआडून ऐकतात. थळच्या कोळीवाड्यात उलटा कारभार. पुरुष जाळी विणत गप्प, आणि बायका आमच्याभोवती. त्यांच्यातल्या जानकी नावाच्या धिप्पाड कोळणीनं मला बाजूला सारून बाईंचीच उलटतपासणी घेतली.

"हिचा घोव कुठं हाय?"

"लग्न नाही केलं."

"नि आली कशाला ती?"

मी भावाची हकिगत सांगितली. समोर खांदेरीचं बेट होतं आणि पाणी अगदी शहाण्यासारखं निळं दिसत होतं. जानकीनं एकदा त्या पाण्याकडे बघितलं.

"दर्यानं नेलेला मानूस दर्या देतो, पन आपले दारात नाय देत, दुसऱ्याचे दारात देतो," ती म्हणाली. "चावीचा बाबा आयकलाय मी. आमचे इथं न्हाय. तिकडं रेवदंड्याचे अंगाला बघा. नि बाय, आलीस ना एवढी? मंग सोडू नको."

मी हे जर्मनमध्ये सांगितलं. मार्थाबाईंनी जानकीचा खारट हात हातात घेऊन दाबला, आणि दोघी आपापल्या भाषेत एकाच वेळी काहीतरी बोलल्या. त्याचं मला भाषांतर करावं लागलं नाही.

जेवायला तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण होतं. मी मटणाचा माणूस, मासा कधी नीट खाल्लेला नाही. दुसऱ्याच घासाला काटा घशात. जानकीनं कोरड्या भाताचे मुटके माझ्या तोंडात कोंबले, पाठीत दोन गुद्दे घातले आणि काटा गेला. तोवर मार्थाबाईंनी तिसरा मासा संपवून काटे ताटलीच्या कडेला सरळ ओळीत लावून ठेवले होते. ब्रेमेनची माणसं नदीकाठची, समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेली. दख्खनच्या माणसाची फजिती त्यांना नवी वाटली असावी, कारण त्या दिवशी बाई पहिल्यांदा हसल्या.

चौल आणि रेवदंडा

अलिबागेत मुक्काम करून आम्ही चौलला गेलो. चौल म्हणजे सावली. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, रस्ता बोळासारखा, आणि एका वाडीतला रहाट थांबला की पुढच्या वाडीतला ऐकू येतो. एके काळी हे मोठं बंदर होतं असं सांगतात. आता तिथं गलबतांऐवजी सुपाऱ्या वाळतात.

काशिनाथ म्हणून एका वाडीवाल्याकडे आम्ही उतरलो. त्यानं पोपटी केली. वालाच्या शेंगा मडक्यात भरून, वर भांबुर्डीचा पाला दाबून, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. आमच्या हुरड्याचीच ही किनाऱ्यावरची बहीण. हुरड्यापेक्षा चांगली, असं मी साताऱ्यात म्हणणार नाही, इथं म्हणतो. शेंगा सोलता सोलता काशिनाथला किल्लीचं विचारलं, तर तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "चावी? हाय की! रेवदंड्याचे कोटात. मी दावतो."

आमच्याकडे किल्ली म्हणतात, इकडे चावी. हा शब्द फिरंग्यांनी जाताना मागं ठेवला, तसाच त्यांनी रेवदंड्याचा कोटही ठेवला. तटाच्या आत आता वाड्या आहेत. माडांच्या मधून अचानक एखादी पडकी भिंत, एखादी कमान उभी राहते. वेशीवर पोर्तुगीज राजाची ढाल कोरलेली आहे, ती बघायला मी थांबलो, कारण दगडातलं काम बघितलं की माझा हात शिवशिवतो. बाई थांबल्या नाहीत. त्या काशिनाथच्या पुढे चालत होत्या, रस्ता माहीत नसताना.

एका पडक्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, भिंतीपाशी काशिनाथनं वेल बाजूला केली. दगडात किल्ल्या होत्या. दोन, एकमेकींवर आडव्या.

मार्थाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग खाली एका चिऱ्यावर बसल्या.

"ह्या नव्हेत," त्या म्हणाल्या. "दोन किल्ल्या पोपच्या. आमची एक आणि तिरकी."

मी ते सांगितल्यावर काशिनाथ भडकला. "एक मागत होती, दोन दावल्या, तरी नको?"

"दोन आणि एक यांत एवढा काय फरक आहे?" मीही विचारलं. पाय दुखत होते, मलाही ह्या दोनांवर भागवायचं होतं.

त्यावर बाईंमधली मास्तरीण जागी झाली. त्यांनी काठीनं मातीत ढाल काढली आणि किल्ल्यांचं कूळ सांगितलं. येशूचा एक शिष्य होता पेत्र, त्याच्या हाती स्वर्गाच्या दाराच्या किल्ल्या दिल्या अशी त्यांच्यात श्रद्धा. पोप स्वतःला त्याच्या गादीचा वारस म्हणवतो म्हणून त्याच्या दोन. ब्रेमेनचं थोरलं देऊळही ह्याच पेत्राच्या नावाचं. तिथं धर्मगुरूचं राज्य होतं आणि त्याच्या जुन्या नाण्यांवर हातात किल्ली घेतलेला संत असायचा. पण शहरातले व्यापारी आणि दर्यावर्दी ह्या धर्मगुरूला जुमानीनात. भांडता भांडता शहर त्याच्या हातून सुटलं.

"माझे वडील म्हणायचे," बाई म्हणाल्या, "संत धर्मगुरूकडे राहिला, किल्ली तेवढी गावकऱ्यांनी उचलली. म्हणून ढालीवर हात नाही, माणूस नाही, नुसती किल्ली आहे. ती कुणा एकाची नाही. शेजारच्या हांबुर्ग शहराच्या ढालीवर वेस आहे, बंद दाराची. ते म्हणतात आम्ही जगाची वेस. आमचे लोक म्हणतात, असा की, किल्ली आमच्याकडे आहे."

काशिनाथला ही शेवटची गोष्ट फार आवडली. थळ-चौलातही असलं चालतं म्हणाला. राग ओसरल्यावर त्यानं डोकं खाजवलं. "मग एकटीच चावी पायजे, तर खाडीपल्याड जावा. मुसलमानांचं गाव हाय. नाखव्यांच्या कबरस्तानाला लागून एक बाबा हाय म्हनतात. मी काय बघितला न्हाय."

बाई तेवढ्यात उठून झगा झटकत होत्या. मी उद्या सकाळी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी मुकाट खाडीची वाट धरली.

खाडीपल्याड

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर लोक बघायला जातील, मग नारळवाला येईल, मग जत्रा भरेल. तिथल्या माणसांना ते नको आहे.

गाव गलबतवाल्यांचं. नाखवा म्हणजे गलबताचा मालक-कप्तान. हसन नाखव्याचं घर खाडीच्या तोंडाशी होतं, पुढे शहाबादी ओटा, दाराला निळा रंग. आम्ही कशासाठी आलो ते हसननं ऐकून घेतलं. त्यानं पायांत वहाणा घातल्या आणि आम्हाला गावाबाहेर एका उंडीच्या झाडाखाली नेलं.

कबर साधी, मातीची, भोवती शिंपल्यांची ओळ. उशाशी एक काळा दगड. त्यावर एकच किल्ली, तिरकी, दाते वर. कोरणारा पाथरवट नव्हता, हे मला पाहताक्षणी कळलं. पण त्यानं समोर नमुना ठेवून कोरलं होतं, मनानं नाही. मार्थाबाईंनी दगडावर हात ठेवला आणि "कार्ल" म्हणाल्या. मग त्या रडल्या, पोटातून, आवाज करून. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बघितलं नव्हतं. मलाही आवरेना. जिन्यातला तो कान पुढे आलेला पोरगा माझ्याही डोळ्यांपुढे होता.

हसन टोपी सारखी करत उभा राहिला. मग त्यानं हकिगत सांगितली.

"माझ्या आज्याच्या येळंला हा लागला इथं. पावसाळ्यात. अंगावर काय न्हाय, एक पट्टा कमरेला, त्यावर ही चावी. कुठल्या धरमाचा, कोन सांगनार? आजा बोलला, हा घराची चावी कमरेला लावून मेला. कुठंतरी ह्याचं घर बंद पडलं असंल. त्याला माती देऊ, नि पट्टा अमानत ठेवू. कोन आलं मागाया तर देऊ."

तेव्हापासून ह्या गावात एक रीत आहे. घरातला माणूस गलबतावर निघाला, की घरची बाई घराची चावी आणून ह्या दगडाला टेकवते. आणि तो परत येईपर्यंत त्या घराला कुलूप लागत नाही. दिवसा नाही, रात्री नाही, लग्नाला गेलं तरी नाही, नुसती कडी. आमच्याकडे चार पायली दाण्यांचं घर सोडून शेतात जायचं तरी कुलूप दोनदा ओढून बघतात. मी विचारलं, चोरी होत नाही? हसनला प्रश्नच कळला नाही.

घरी परत आल्यावर त्याच्या आईनं, अमिनाबींनी, एका फडक्यातून पट्टा काढला. दर पावसाळ्याआधी त्याला खोबरेल लावतात, त्यामुळे कातडं मऊ, काळंभोर. पितळेच्या चपट्या कडीवर, म्हणजे बकलावर, ब्रेमेनची ढाल, किल्ली आणि वर मुकुट. ठसा अव्वल होता. मी कडी उजेडाकडे धरून बघतच बसलो, बाई तिच्यावरून बोट फिरवत बसल्या. पट्ट्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

मग किल्लीचा अर्थ सांगायची पाळी आली. ही घराची नाही, अख्ख्या शहराची खूण आहे, असं मी सांगितलं.

"साऱ्या गावाला एकच चावी?" अमिनाबी म्हणाल्या. "चोराची मजाच हाय."

पेत्र मुळात मासे मारणारा होता, मग स्वर्गाचा दारवान झाला, हे मात्र हसनला पटलं. "म्हंजे आमच्याच धंद्यातला. जन्नतच्या दारावर दर्यावरचाच मानूस पायजे, व्हय."

इथवर सगळं गोड चाललं होतं. मग मार्थाबाईंनी परवानगीचे कागद ओट्यावर ठेवले आणि मला सांगायला लावलं, की उद्या कबर उघडून भावाला घेऊन जायचं आहे.

हसन म्हणाला, "अमानत मालकाची. आजा बोलून गेला हाय. सकाळी मानसं देतो." पण आतून बायकांचे आवाज उठले. शेजारच्या घरांतून आणखी आल्या. महिनाभरानं गलबतं निघायची आहेत, बाबा गेला तर चावी टेकवायची कुठं? एकजण तर मार्थाबाईंच्या समोर येऊन बोलली, "तुझा एक गेला, बाय. आमचे सगळे जायाचे हायत."

मी हे जसंच्या तसं सांगितलं. बाई बोलल्या त्या स्पष्ट. "त्यांना सांगा, मला वाईट वाटतं. पण माझी आई अजून दार उघडून बघते. मी त्याला नेणार."

त्या संध्याकाळी जेवण उत्तम होतं. कोलंबीचं कालवण, नारळाच्या दुधातल्या शेवया. पण ओट्यावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि कोलंबीला काटे नसूनही घास माझ्या घशात अडकत होता.

पट्टा

सकाळी कुदळी घेतलेली माणसं उंडीखाली उभी होती. आम्ही निघणार तेवढ्यात अमिनाबी दारात आल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात.

"हिला इचार, भाऊ केवढा व्हता."

"एकोणीस वर्षांचा," मी म्हणालो.

अमिनाबींनी डोळे मिटले. "मी बघितलाय तो, वर आनला तेव्हा. मी ह्याच दारात व्हते. पांढरी दाढी व्हती त्याला. पोट हे एवढं. बाप्या व्हता, नातवंडांचा."

मी भाषांतर करायला कचरलो. केलं. मार्थाबाई ताडकन म्हणाल्या, "खोटं. तिला कबर हवी आहे."

खरं सांगायचं तर मलाही तोच संशय आला. अमिनाबींना बाबा तिथंच राहायला हवा होता, मग त्या दुसरं काय सांगणार? माझा चेहरा बघून त्या समजल्या. चिडल्या नाहीत. आत गेल्या, पट्टा आणला आणि बाईंच्या कमरेभोवती घातला.

पट्टा पार मागं जाऊन पुन्हा पुढे येऊ लागला. कडी ज्या भोकात वर्षानुवर्षं लावली होती ते भोक ताणून लांबट झालं होतं, आणि ते होतं अगदी शेवटाकडचं. जाड्या माणसाचा पट्टा. फोटोतल्या त्या काटकुळ्या पोराला तो दोनदा गुंडाळून उरला असता.

"खलाशी पट्टे बदलतात," मार्थाबाई म्हणाल्या. "एकमेकांचे घालतात." पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी कडी हातात घेतली, किल्लीकडे बघितलं, आणि मग पहिल्यांदाच त्या भोकाकडे बघितलं. हसननं लांबूनच कुदळवाल्यांना थांबायची खूण केली.

मार्थाबाई ओट्यावर बसल्या. मला त्यांचा हात धरावासा वाटला, धरला. "तो आमच्या गावचा कुणीतरी म्हातारा आहे," त्या म्हणाल्या. "त्याचीही माणसं असतील. मी त्याला नेलं, तर कुणाच्या घरी देऊ? ढालीवर नाव नसतं."

नंतर त्या उंडीखाली गेल्या, त्या म्हाताऱ्यासाठी आपल्या पद्धतीची प्रार्थना म्हणाल्या. कुदळी घेतलेल्या माणसांनी हात पुढे धरून आपल्या पद्धतीची म्हटली. पत्र्याची पेटी बाईंना दिसू नये म्हणून मी घराच्या मागं नेऊन ठेवली.

परत आलो तो अमिनाबी बाईंशेजारी बसल्या होत्या. "तुझं गाव बिरमन ना?" त्यांनी विचारलं. "माझा धाकटा यूसुफ तिथल्याच आगबोटीवर गेला. कोळसा मारायाच्या कामावर. मी ह्या बाबाला चावी टेकवली व्हती. लढाईच्या आधीच. तो न्हाय आला. कोन बोलला, तुमच्या तिकडच्या थंड दर्यात गेला." हसन मान वळवून खाडीकडे बघू लागला. मी घराच्या दाराकडे बघितलं. कडी होती, कुलूप लावायचा कोयंडा गंजून गेला होता.

मी ते मार्थाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या समुद्रात बेटं आहेत. तिथं वाहून आलेल्यांना पुरतात. नाव माहीत नसलेल्यांची वेगळी जागा असते. लहानपणी आम्ही सहलीला जायचो. मी तिथून धावत जायची, समुद्रावर खेळायला."

"कबरीवर काय लावतात?" अमिनाबींनी विचारलं.

"क्रूस."

"कोन हाय ते न बघता? समद्यांना?"

"सगळ्यांना."

अमिनाबींनी पदरानं तोंड पुसलं. "असू दे. माती तर दिली."

हे मी सांगितलं आणि मार्थाबाई उठून उभ्या राहिल्या. मांडव्याच्या चिखलात उतरताना चेहरा जसा होता, तसाच पुन्हा झाला. "तिला विचारा, मुलाच्या अंगावर काय होतं. तिथं पुरणारे लोक अंगावरच्या खुणा लिहून ठेवतात. मी एकेका बेटावर जाईन. सगळ्या बेटांवर जाईन. आईला सांगेन, कार्लचा शोध अजून चालू आहे, आणि आता दोघांचा आहे."

अमिनाबी विचारात पडल्या. "कपडे काय राहनार. दंडाला चांदीचा ताईत व्हता, काळ्या दोऱ्यात. गाठ माझ्या हातची."

"ताईत पुष्कळांच्या दंडाला असतात," बाई म्हणाल्या. ब्रेमेनच्या पट्ट्यानं त्यांना शहाणं केलं होतं. "तिचाच कसा ओळखू?"

मी विचारलं. अमिनाबी आत गेल्या, फडताळातून काळा दोरा घेऊन आल्या आणि तो दातानं तोडला.

"हात आन," त्या मार्थाबाईंना म्हणाल्या. "ही गाठ माझी सासू मारायची नि मी मारते. दुसऱ्या कुनाला येत न्हाय. बांधते, ती बघून ठेव."

मी सांगायच्या आधीच मार्थाबाईंनी मनगट पुढे केलं होतं, आणि गाठ कशी बसते ते नीट दिसावं म्हणून दुसऱ्या हातानं बाही कोपरापर्यंत वर सारली होती.